गावबोलीचा राजकारणी : क्रांतिसिंह नाना पाटील

एका खेडूत राजकारणी पुरुषाचे चरित्र हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे. त्या पुरुषाचे नाव आपणां सर्वांस ठाऊक आहे. सातारच्या प्रतिसरकारचे अध्वर्यू क्रांतिसिंह नाना पाटील यांचे पुतळे गावोगाव उभे आहेत, त्यांच्या नावाचे चौक आहेत, आणि शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकांतून त्यांच्याविषयी चार ओळी आपण सर्वांनी वाचलेल्या आहेत. परंतु त्यांच्या चरित्राची एक बाजू अशी आहे की, जिच्याकडे आम्हां शिकल्यासवरल्या मंडळींचे लक्ष क्वचितच जाते. ती बाजू म्हणजे त्यांची भाषा. या पुरुषाने चळवळ केली, तुरुंग भोगले, काही काळ एक राज्यही चालविले, आणि पुढे दोन वेळा लोकसभेत प्रवेश केला. आणि हे सारे त्याने आपल्या गावच्या बोलीत केले.

मी इतिहासाचा पंडित नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिकची परीक्षा देऊन मी शाळामास्तर झालो, आणि खेड्यांतील मुलांना मराठी व इतिहास शिकविण्यात माझे आयुष्य गेले. सांप्रत वाकड येथे निवृत्तीचे दिवस काढीत आहे. तेव्हा आज मी जे सांगणार आहे, ते एका पंतोजीच्या नजरेला दिसलेले आहे. त्यात थोडा कबुलीजबाबही आहे. तो ओघाने शेवटी येईल.

नानांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० रोजी झाला. त्यांचे गाव येडे मच्छिंद्र, तालुका वाळवा. त्या वेळी हे गाव सातारा जिल्ह्यात होते. आज ते सांगली जिल्ह्यात मोडते. घर शेतकऱ्याचे, शिक्षण मराठी शाळेपुरते. मराठी शाळा संपवून ते तलाठी झाले. चरित्रलेखक या नोकरीचा उल्लेख एका वाक्यात आटोपतात. परंतु मला तिचे महत्त्व फार वाटते. तलाठी म्हणजे सरकार आणि गाव यांच्यामधला उंबरठा. सरकारची भाषा त्याच्या दप्तरात असते व गावची भाषा त्याच्या दारात उभी असते. सारा, तगाई, पीकपाहणी, फेरफार, जप्ती हे शब्द कागदावर निर्जीव दिसतात. पण त्यांतील एकेका शब्दाने एखादे घर कसे बसते, हे तलाठ्यास रोज दिसते. ज्या मनुष्याने पुढे सरकारच्या कागदाला लोकांच्या शब्दाने आव्हान दिले, त्याने ते कागद आपल्या हाताने लिहिलेले होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

१९३० साली कायदेभंगाची चळवळ सुरू झाली आणि नानांनी तलाठ्याच्या नोकरीचा राजीनामा दिला. तेव्हापासून १९४२ पर्यंतच्या काळात त्यांना वारंवार तुरुंगवास घडला. बाहेर असतील तेव्हा ते गावोगाव फिरत व सभा घेत. आता ही सभा म्हणजे काय, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे. त्या काळी शहरांतील राजकीय सभा व्यासपीठ, अध्यक्ष, ठराव आणि अनुमोदन अशा क्रमाने चालत असे. वक्त्याचे मराठी ग्रंथांतून आलेले असे व त्याची वाक्यरचना पुष्कळदा इंग्रजीच्या साच्यातून निघालेली असे. नानांची सभा देवळापुढच्या पारावर किंवा चावडीपुढे भरे. तिला ठराव नसत. शेतकऱ्याच्या घरातली भांडणे, नांगर, बैल, मोट, सावकाराची वही, लग्नात काढलेले कर्ज यांचेच दाखले देत देत ते लोकांना हसवीत, आणि लोक हसत असता हळूच इंग्रजी राज्याचा हिशेब त्यांच्यापुढे मांडीत. तासन् तास मंडळी उठत नसत. त्यांच्या बोलण्यात ग्रांथिक मराठीचा वास नसे. सातारकडचा शेतकरी बांधावर उभा राहून जसा बोलतो, तसेच ते हजारोंच्या सभेत बोलत.

ही रीत नानांनी शून्यातून काढली असे मात्र नव्हे. तिच्यामागे साठ-सत्तर वर्षांची एक परंपरा उभी होती. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली सत्यशोधक समाजाची स्थापना केली. शेतकऱ्याची दैना सांगताना त्यांनी शेतकऱ्याचाच शब्द वापरला, आणि त्याबद्दल तत्कालीन विद्वानांनी त्यांच्या लेखणीस नावे ठेवली. पुढे सत्यशोधक जलशांनी तमाशाचा बाज घेऊन तोच विचार खेडोपाडी नेला. सातारा जिल्ह्यात ही चळवळ खोल रुजलेली होती. नाना त्या मातीत वाढले. राष्ट्रीय सभेचे राजकारण आणि सत्यशोधकांची भाषा यांचा संगम त्यांच्या ठायी झाला, आणि येथेच त्यांच्या सामर्थ्याचा उगम आहे असे मला वाटते. लग्नातील उधळपट्टीने शेतकरी कर्जात बुडतो, हे सत्यशोधकांनी सांगितले होते. नानांनी अल्पखर्चाचे ‘गांधी-विवाह’ गावोगाव लावून ते करून दाखविले.

यानंतर १९४२ साल उजाडले. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ‘छोडो भारत’चा ठराव झाला, पुढाऱ्यांची धरपकड झाली, आणि सातारा जिल्ह्यात लोकांचे मोर्चे तालुक्याच्या कचेऱ्यांवर चालून गेले. सप्टेंबरात वडूज व इस्लामपूर येथील मोर्चांवर गोळीबार होऊन माणसे बळी पडली. नाना भूमिगत झाले ते साडेतीन वर्षांहून अधिक काळ सरकारच्या हाती लागले नाहीत. सरकारने त्यांच्या शिरावर बक्षीस लावले, घरादारावर जप्ती आणली. तरीही हा धिप्पाड, सहज ओळखू येणारा पुरुष गावोगाव वावरत राहिला आणि एकाही गावाने त्याला पकडून दिले नाही. कोणतेही पोलीसखाते ज्यापुढे हतबल व्हावे असा हा विश्वास त्याने कशाने मिळविला असेल? पैसा त्याजपाशी नव्हता. माझ्या मते, तो आपल्यासारखा बोलतो, म्हणून तो आपला आहे, हीच लोकांची पहिली खूण होती.

१९४३ पासून सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार उभे राहिले. कुंडलचे जी. डी. लाड, वाळव्याचे नागनाथ नायकवडी, वाई भागातील किसन वीर, पांडू मास्तर अशा अनेक कार्यकर्त्यांचा त्यात वाटा होता. यांतील पांडू मास्तरांचे नाव घेताना माझ्यासारख्या शाळामास्तराला थोडा अभिमान वाटतो, तो श्रोत्यांनी क्षम्य मानावा. तरुणांची तुफान सेना उभी राहिली. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ सरकारी पगाराचा पैसा नेणारी आगगाडी अडवून तो पैसा चळवळीसाठी घेण्यात आला. शेजारच्या औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी १९३९ सालीच आपल्या प्रजेस स्वराज्याची घटना दिलेली होती, आणि कुंडल हे गाव त्याच संस्थानात होते. त्यामुळे भूमिगतांना तेथे आसरा मिळे. या साहसांच्या कथा आपण पुष्कळ ऐकल्या आहेत. मला आज बोलावयाचे आहे ते प्रतिसरकारच्या एका शांत अंगाविषयी, म्हणजे त्याच्या न्यायदानाविषयी.

इंग्रजी अंमलातील खेडुताला दावा लावणे म्हणजे काय होते, ते पाहा. तालुक्याचे गाव गाठावयाचे, वकील धरावयाचा, मुद्रांक घ्यावयाचा, तारखांमागून तारखा. साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहिल्यावर त्याने आपल्या बोलीत सांगितलेली हकीकत कारकुनाच्या लेखणीतून कायद्याच्या भाषेत उतरे. वरिष्ठ न्यायालयात ती इंग्रजीत जाई. अखेरीस जो निकाल लागे, त्यात आपण काय बोललो होतो हे त्याचे त्यालाच ओळखू येत नसे. प्रतिसरकारच्या न्यायदान मंडळापुढे हे सारे मधले अंतर नाहीसे झाले. पंच गावात बसत. वादी व प्रतिवादी समोरासमोर उभे राहून आपल्या तोंडाने बोलत. ऐकणारा गाव तोच बांध, तीच विहीर, तेच भाऊबंद ओळखणारा. त्यामुळे खोटे बोलणे अवघड होते. निकाल त्याच ठिकाणी, त्याच भाषेत सांगितला जाई. जमिनीचे, देण्याघेण्याचे, नवराबायकोचे कित्येक तंटे असे मिटले. राज्य म्हणजे आपल्याला न समजणाऱ्या भाषेत बोलणारी शक्ती, ही खेडुताची पिढ्यान् पिढ्यांची समजूत त्या तीन-चार वर्षांपुरती तरी खोटी ठरली.

या ठिकाणी मला आयर्लंडची आठवण होते. तेथील स्वातंत्र्यवाद्यांनी २१ जानेवारी १९१९ रोजी डब्लिन शहरी आपली स्वतंत्र लोकसभा भरविली, आणि पुढील वर्षी इंग्रजी न्यायालयांना डावलून स्वतःची न्यायालयेही चालविली. साताऱ्याच्या आधी तेवीस-चोवीस वर्षे घडलेला हा प्रतिसरकारचाच प्रयोग होय. त्या लोकसभेचे पहिल्या दिवसाचे कामकाज जवळजवळ सर्वस्वी गेलिक या त्यांच्या मूळ भाषेत चालले. तथापि आयर्लंडच्या बहुतेक परगण्यांत तोवर लोकांची घरातील भाषा इंग्रजीच झालेली होती. गेलिक पश्चिम किनाऱ्यावरच्या शेतकऱ्या-कोळ्यांच्या वस्त्यांतून उरली होती. सभागृहात बसलेल्या कित्येक सभासदांना देखील ती धडपणे बोलता येत नव्हती. आयरिश देशभक्तांना आपली भाषा निशाणासारखी उभारावी लागली. नानांना निशाण उभारण्याची गरज पडली नाही. ज्या भाषेत त्यांची सभा झाली, त्याच भाषेत त्यांचे राज्य चालले. कित्येक शतकांच्या परसत्तेनंतरही आपल्या शेतकऱ्याच्या तोंडची भाषा शाबूत राहिली होती, हे आपले भाग्य आपण पुरते ओळखले आहे काय?

परंतु इतिहास सांगताना एकच बाजू सांगणे बरे नव्हे. प्रतिसरकारला लोकांनी ‘पत्री सरकार’ असेही नाव दिले, कारण गुन्हेगारांच्या व फितुरांच्या तळपायांवर मार देण्याची शिक्षा त्या नावाशी जोडली गेली. दरोडेखोर व गावगुंड यांचा बंदोबस्त झाला हे खरे. पण जेथे अपील नाही, जेथे आरोपीला वकील नाही, तेथे गावाचा एकमुखी राग निरपराध मनुष्यावरही कोसळू शकतो, हेही तितकेच खरे. गावची भाषा जशी न्यायाची होऊ शकते, तशी ती दंडेलीचीही होऊ शकते. नानांच्या थोरवीला बाध न आणता हे सांगता येते, आणि सांगितले पाहिजे.

१९४६ साली नाना उजेडात आले. पुढच्या वर्षी स्वातंत्र्य मिळाले. परंतु शेतकऱ्याचे राज्य आले नाही, असे त्यांना वाटले. काँग्रेस सोडून ते शेतकरी कामगार पक्षात गेले व तेथून कम्युनिस्ट पक्षात. पक्षांतराचा हा प्रवास कित्येकांना रुचला नाही. परंतु त्यात सत्तेचा लोभ होता, असे म्हणता येत नाही. सत्ता उलट दिशेला होती. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात त्यांची वाणी पुन्हा गावोगाव दुमदुमली, आणि १९५७ च्या निवडणुकीत साताऱ्याच्या मतदारांनी त्यांना लोकसभेवर पाठविले.

आता दिल्लीचे दृश्य पाहा. संसदेचे कामकाज हिंदीत किंवा इंग्रजीत चालावे, असे आपल्या घटनेचे १२० वे कलम सांगते. मात्र त्याच कलमात अशीही सवलत आहे की, ज्या सभासदाला या दोहोंपैकी कोणत्याही भाषेत आपले म्हणणे नीट मांडता येत नाही, त्याला अध्यक्ष मातृभाषेत बोलण्याची अनुज्ञा देऊ शकतात. नाना तेथे मराठीत बोलले. लोकसभेत मराठीतून भाषण करणारे ते पहिलेच सभासद, असे सर्वत्र सांगितले जाते. ऐकणाऱ्या बहुसंख्य सभासदांना ते भाषण समजले नसेल, कारण त्या काळी चालू भाषणाचे भाषांतर कानांत ऐकविण्याची यंत्रणा सभागृहात नव्हती. मग त्याचा उपयोग काय, असे कोणी विचारील.

मला त्या कलमाच्या शब्दयोजनेविषयी एक विचार सुचतो. कायदा मातृभाषेला मुभा देतो, ती असमर्थतेची सवलत म्हणून. जणू मातृभाषेत बोलणारा मनुष्य काही तरी कमी घेऊन आला आहे. नानांच्या बाबतीत वस्तुस्थिती नेमकी उलट होती. त्यांच्यापाशी जे होते, ते त्या सभागृहातील फारच थोड्यांपाशी होते. ज्या लोकांच्या वतीने आपण बोलतो, त्यांनी ते भाषण ऐकले असता त्यांतील शब्द न् शब्द त्यांना आपलाच वाटावा, ही ती संपत्ती. ही गोष्ट इतरत्र किती दुर्मिळ आहे, ते पाहा. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातील गरीब लोक देशांतर करून कॅनडात वसले, तेव्हा त्यांनी आपली गेलिक बोली बरोबर नेली होती. १८९० साली मॅकइनिस नावाच्या सभासदाने त्या देशाच्या सिनेटपुढे विधेयक आणले की, सरकारी कामकाजात या भाषेला स्थान असावे. सभागृहाने ते मोठ्या बहुमताने फेटाळले. ज्या भाषेला राज्याच्या दारातून परत पाठविले जाते, ती पुढे शाळेतून जाते आणि शेवटी घरातूनही जाते. त्या किनाऱ्यावरही पुढे तेच घडले. दिल्लीच्या सभागृहात मराठी शब्द उच्चारून नानांनी ते दार आपल्यापुरते तरी उघडून ठेवले.

पुढे १९६७ साली नाना पुन्हा लोकसभेवर गेले, ते मराठवाड्यातील बीडहून. ही घटना मला विलक्षण वाटते. बीड त्यांचा जिल्हा नव्हे. तेथील बोली साताऱ्याहून वेगळी, तेथला इतिहास निजामी राजवटीचा. तरीही तेथील शेतकऱ्याने या परक्या पाहुण्याला आपला म्हटले. उच्चार वेगळे असले तरी बोलण्यामागची शेती तीच आहे, हे त्याने ओळखले असावे. ६ डिसेंबर १९७६ रोजी नाना निवर्तले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचा अंत्यविधी वाळवे येथे झाला.

आता मघा सांगितलेला कबुलीजबाब. नोकरीच्या पहिल्या वर्षी, मुळशीच्या बाजूस एका शाळेत असताना, एक शेतकऱ्याचा मुलगा वर्गात उभा राहून शिवरायांची गोष्ट सांगत होता. सांगत होता ती फार रंगून. परंतु ‘व्हता’, ‘न्हाई’, ‘म्या म्हनलं’ असे त्याचे शब्द येऊ लागताच मी त्याला प्रत्येक शब्दागणिक थांबविले व शुद्ध शब्द पुन्हा म्हणावयास लावले. मुले हसली. गोष्ट अर्ध्यावर राहिली. त्या वर्षी तो मुलगा वर्गात पुन्हा आपण होऊन बोलावयास उभा राहिला नाही. मला वाटले, मी त्याला मराठी शिकविले. पुष्कळ वर्षांनी नानांचे चरित्र वाचताना माझ्या मनात आले की, हाच पुरुष लहानपणी माझ्या वर्गात असता, तर मी त्यालाही असाच गप्प बसविला असता.

शुद्ध मराठी शिकवू नये असे माझे म्हणणे नाही. प्रमाण भाषा ही सर्व जिल्ह्यांना जोडणारी सडक आहे, आणि सडक पाहिजेच. पण सडक बांधावयाची म्हणून कोणी वाटेवरची घरे पाडीत नाही. मुलाने सांगावयाची गोष्ट आधी त्याच्या शब्दांत पुरी सांगून घ्यावी, आणि मग तीच लिहिताना प्रमाण रूपे दाखवावीत, इतके साधे शहाणपण मला उशिरा आले.

वाकडला आज आपण आलात, तर म्हातोबाच्या देवळाभोवती जुने गाव शोधावे लागते. हिंजवडीच्या रस्त्याने मोटारींची रीघ लागलेली असते. जेथे ज्वारी डुलत होती, तेथे वीस-वीस मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत. काही दिवसांपूर्वी एक वृद्ध शेतकरी माझ्याकडे आले. हातात जाडजूड करारनामा, पहिल्यापासून अखेरपर्यंत इंग्रजीत. “गुरुजी, ह्ये माझ्याच जमिनीचं हाय म्हनत्यात. पन ह्यात माझं काय लिवलंय, तेवढं सांगा की,” ते म्हणाले. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. मी दोन पाने कशीबशी लावली आणि मग आम्ही दोघेही गप्प बसलो. अखेर एका जाणत्या वकिलाकडे त्यांना घेऊन गेलो. त्यांनी सारे मराठीत समजावून सांगितले, तेव्हा म्हातारबुवांनी असे चार प्रश्न विचारले की, वकीलसाहेबांनी हातातली लेखणी खाली ठेवली. त्या मनुष्याची बुद्धी कोठेही कमी नव्हती; फक्त कागद त्याच्या भाषेत नव्हता.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंदाची गोष्ट आहे. आपण पेढे वाटले. परंतु भाषेचा मान ताम्रपट व शिलालेख यांच्या वयावरून जसा ठरतो, तसाच तो आणखी एका गोष्टीवरून ठरतो. ज्याची जमीन आहे, ज्याचा दावा आहे, ज्याचे दुखणे आहे, त्याला कचेरीत, कोर्टात, इस्पितळात आपल्या शब्दांत बोलता येते काय, आणि उत्तर त्याच शब्दांत मिळते काय? नाना पाटलांनी हा प्रश्न व्याकरणाचा मानला नाही. त्यांनी तो राज्याचा प्रश्न मानला, आणि काही थोडी वर्षे, काही थोड्या गावांत, त्याचे उत्तर देऊन दाखविले.

श्रोतेहो, आपल्या घरी कामाला येणारी बाई, भाजी देणारा माळी, गावाकडून आलेले चुलते जेव्हा आपल्या बोलीत काही सांगू लागतील, तेव्हा त्यांचे वाक्य मध्येच सुधारू नका. ते पुरे होऊ द्या. इतकेच सांगून मी आपली रजा घेतो.